व्यापारी दाव्यांची वकिली: रत्नागिरीत राहून शिकावी की मुंबईला जावे?

प्रश्न – सागरतीर (रत्नागिरी)

नमस्कार. मी मूळची गुहागर तालुक्यातील असून सनद मिळून मला दोन वर्षे झाली आहेत. सध्या रत्नागिरीत एका ज्येष्ठ दिवाणी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करते. आमच्याकडील बहुतेक कामे कोकणातील कोणत्याही वकिलाच्या परिचयाची आहेत: वाटपाचे दावे, वहिवाटीचे आणि बांधाचे वाद, मनाई हुकमाचे अर्ज, आणि जोडीला धनादेश न वटल्याच्या कलम १३८ च्या फिर्यादी. या कामाला मी कमी लेखत नाही. सातबारा आणि फेरफार वाचायला मी येथेच शिकले. मात्र गेल्या वर्षी एक दावा असा आला की त्यानंतर आपले क्षेत्र हेच असावे, असे मला वाटू लागले आहे.

एका बर्फ कारखानदाराने मासळी व्यापाऱ्याविरुद्ध उधारीच्या वसुलीचा दावा लावला होता आणि आम्ही प्रतिवादीतर्फे होतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वादीने दोनशेहून अधिक चलने हजर केली होती. प्रत्येकावर लाद्यांची संख्या, नौकेचे नाव आणि तांडेलाची (नौकेच्या प्रमुखाची) सही. निम्मी चलने खाऱ्या पाण्याने भिजून चिकटलेली, काहींवरची शाई पसरून नुसता निळा डाग उरलेला. सरांनी मला ती तारखेनुसार लावायला सांगितली. लावता लावता तीन चलने जूनच्या दुसऱ्या आठवड्यातील निघाली. त्या वर्षी यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद होती. उलटतपासात सरांनी वादीला शांतपणे विचारले, "या तारखेला ही नौका कुठे होती?" साक्षीदार म्हणाला, "बंदरात ओढून ठेवलेली असणार." "मग तिला चाळीस लाद्या बर्फ कशाला लागला?" साक्षीदार बराच वेळ त्या चलनाकडे पाहत राहिला. उत्तर येईपर्यंत स्टेनोचे हात थांबलेले होते, ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून मला व्यापारी दाव्यांमध्येच काम करायचे आहे. पण आजवर ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी एकच उत्तर दिले की हे क्षेत्र मुंबईचे आहे, कोकणात राहून ते करता येत नाही. वडील आजारी असतात, त्यामुळे घरापासून लांब जाणे मला सोपे नाही, तरीही जावेच लागणार असेल तर मी जाईन. या क्षेत्रात पुढे जायचे तर सुरुवात कुठे करावी, पहिल्या पाच वर्षांत काय शिकून घ्यावे, सॉलिसिटरची परीक्षा देण्यात अर्थ आहे का, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला इंग्रजी मसुद्यांची भीती कितपत बाळगावी लागते, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर – जुने दप्तर (चिपळूण)

तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला. मी सव्वीस वर्षे चिपळूण, खेड आणि रत्नागिरी येथील न्यायालयांत दिवाणी वकिली करीत आहे.

सर्वप्रथम, हे काम कोकणात नाही हा समज चुकीचा आहे. व्यापारी वादांसाठी वेगळ्या न्यायालयांची सोय करणारा वाणिज्यिक न्यायालये कायदा २०१५ साली आला तेव्हा १ कोटी रुपयांखालील वाद त्याच्या कक्षेत येत नव्हते, त्यामुळे जिल्ह्यातील वकिलांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. २०१८ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ३ लाखांवर आणली. आज ३ लाख रुपयांचा व्यवहार कोकणात कोणाकडे नाही? लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रे बसवणारा ठेकेदार, काजू कारखान्याला कच्ची बी पुरवणारा व्यापारी, बंदरातून माल उचलणारा वाहतूकदार, हॉटेल भाडेकराराने चालवायला घेणारा उद्योजक, भागीदारीतून बाहेर पडलेला भाऊ, या सर्वांचे वाद वाणिज्यिक ठरू शकतात. आपल्याकडे त्यांना अजूनही साधा "वसुलीचा दावा" म्हणतात, म्हणून ते दिसत नाहीत. त्यातील काही चुकीच्या न्यायालयात दाखल होतात आणि दीड-दोन वर्षांनी वादपत्र परत मिळते.

उलट बाजूही तितकीच नीट समजून घ्या. पैसे अडकले म्हणून वाद वाणिज्यिक होत नाही. जमीन किंवा इमारत यांच्याबद्दलचा करार असेल, तर ती मालमत्ता केवळ व्यापारासाठी प्रत्यक्ष वापरात असावी लागते. पुढे वापरली जाणार आहे एवढे पुरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अंबालाल साराभाई प्रकरणात स्पष्ट केले आहे. रिसॉर्टसाठी घेतलेल्या मोकळ्या वरकस जागेचा वाद आणि चालू रिसॉर्टच्या भाड्याचा वाद म्हणूनच वेगळ्या दारातून आत जातात. आंबा बागायतदार आणि वाशीचा अडत्या यांच्यातील प्रत्येक वादही आपोआप वाणिज्यिक ठरत नाही, कारण बागायतदार हा व्यापारी आहे का, हाच पहिला मुद्दा उपस्थित होतो. मी अशा कामात प्रथम हिशोबपट्टी मागतो. पेट्या किती, कोणत्या दराने गेल्या, हमाली, तोलाई आणि दलाली किती कापली, हंगामाआधी दिलेली उचल कुठे वळती केली, हे सारे त्या एका पट्टीवर असते. अनेकदा बागायतदाराच्या तोंडी असलेला आकडा आणि पट्टीवरचा आकडा यांत उचलीवरील व्याजाएवढाच फरक निघतो, आणि ते व्याज करारात ठरले होते का, एवढाच खरा वाद उरतो.

आता तुम्ही विचारले आहे की काय शिकावे. माझ्या मते व्यापारी दावा पहिल्या काही आठवड्यांत घडतो किंवा बिघडतो. साध्या दिवाणी दाव्यात कागद नंतर हजर करता येतात, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) उशिरा दिली तरी खर्च बसवून घेतली जाते, आणि आपण सर्व वकील त्या सवयीत वाढलेलो आहोत. वाणिज्यिक दाव्यात वादीने आपल्या ताब्यातील सर्व कागद, स्वतःच्या विरोधात जाणारेसुद्धा, वादपत्रासोबत द्यायचे असतात आणि सत्यकथनाच्या शपथपत्रावर सही करायची असते. प्रतिवादीला कैफियतीसाठी ३० दिवस, आणि न्यायालयाने कारणे नोंदवून मुदत वाढवली तरी समन्स बजावल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवस. १२१ व्या दिवशी दार बंद होते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१९ साली एका यंत्रसामग्रीच्या दाव्यात मी प्रतिवादीतर्फे होतो. समन्स माझ्या अशिलाच्या व्यवस्थापकाने घेतले होते. ते अशिलाच्या टेबलावर अकरा दिवसांनी पोहोचले आणि अशिलाने मला सांगितली ती तारीख टेबलावर आल्याची. मी बेलिफाचा (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा) अहवाल स्वतः उघडून पाहिला नाही. माझ्या मोजणीने १२० व्या दिवशी दिलेली कैफियत प्रत्यक्षात १३१ व्या दिवशी दिली गेली होती. १२० दिवसांनंतर कैफियत घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निःसंदिग्ध सांगितले होते. आमचा बचाव खरा होता, पुरवलेल्या झडपा सदोष होत्या, त्याचे पत्रव्यवहार होते, आणि त्यातले काहीही मला मांडता आले नाही. वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास घेतला, कायद्यावर युक्तिवाद केला, आणि हुकूमनामा आमच्याविरुद्ध झाला. तो अशील आजही मला रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, आणि ते मला अधिक जड जाते. तेव्हापासून कोणत्याही वाणिज्यिक दाव्यात वकीलपत्र दाखल करण्यापूर्वी मी रेकॉर्डमधला बजावणीचा अहवाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. तुम्हीही ही सवय आजपासून लावून घ्या.

वादीतर्फे काम असेल तर वाणिज्यिक न्यायालये कायद्याचे कलम १२-अ विसरू नका. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल, तर दाव्यापूर्वी मध्यस्थीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाणे सक्तीचे आहे. २०२२ सालच्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर यात सवलत उरलेली नाही. ते न करता लावलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो, त्यामुळे त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. व्हॉट्सॲपवरील ऑर्डर, ई-मेल आणि संगणकावरील खातेउतारा यांवर दावा उभा असेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र सुरुवातीलाच तयार ठेवा. जुन्या कायद्यातील कलम ६५-ब चाच हा वारसा आहे.

मुंबईच्या प्रश्नावर माझे मत असे की एवढ्यात जाऊ नये. तुम्हाला उलटतपास शिकायचा आहे, आणि तो साक्षीदार समोर उभा असतानाच शिकता येतो. आणखी दोन-तीन वर्षे येथे पुरावा नोंदवण्याच्या कामात उभ्या राहा, नंतर मोठ्या शहराचा विचार करा.

उत्तर – फोर्ट ते मालवण (मुंबई)

वरील उत्तरातील प्रत्येक सूचना मान्य आहे, पण शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. मी मालवणची, शालेय शिक्षण मराठी माध्यमातून, आणि गेली नऊ वर्षे मुंबईत व्यापारी वादांचेच काम करते. जायचे असेल तर लवकर जावे, असे मी म्हणेन, कारण कागद हाताळण्याची शिस्त पहिल्या चार-पाच वर्षांत अंगवळणी पडली नाही तर नंतर ती लावून घेणे फार कठीण जाते.

मुंबईत नक्की काय शिकायला मिळते, ते सांगते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात) सॉलिसिटर आणि काउन्सेल अशी कामाची विभागणी परंपरेने चालत आली आहे. कायद्याने तिची सक्ती १९७७ पासून संपली, तरी मोठ्या व्यापारी दाव्यांत प्रथा म्हणून ती टिकून आहे. अशिलाकडून कागद घेणे, मसुदा करणे, ब्रीफ (काउन्सेलसाठी प्रकरणाच्या कागदांचा संच) बांधणे हे एका बाजूचे काम, आणि न्यायालयात उभे राहणे दुसऱ्या बाजूचे. मी एका लहान सॉलिसिटर कार्यालयात सुरुवात केली. पहिले दीड वर्ष मी मुख्यतः तारखांच्या याद्या केल्या. एका जहाज भाडेकराराच्या लवादात सहाशे ई-मेल होते. प्रत्येकाची तारीख, पाठवणारा, एका ओळीत सारांश आणि पान क्रमांक एवढेच काम मी तीन आठवडे केले. चौथ्या आठवड्यात कॉन्फरन्समध्ये ज्येष्ठ काउन्सेलनी विचारले, "हरकत पहिल्यांदा कधी घेतली?" आणि खोलीतील इतर कोणी पाने उलटण्यापूर्वी मला तारीख आणि पान सांगता आले. हे कौशल्य मला कोणी वेगळे बसवून शिकवले नाही, ते त्या यादीतून आले. तुम्ही चलने तारखेनुसार लावलीत तेव्हा हेच केलेत.

कामाचा आवाकाही येथे वेगळा आहे. दाव्यांखेरीज लवाद, लवादाचा निवाडा रद्द करण्यासाठी कलम ३४ खालील अर्ज, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढील नादारीची प्रकरणे, आणि २०१७ च्या नौकाधिकार कायद्याखाली थकबाकीसाठी जहाज अटकावून ठेवण्याचे अर्ज. शेवटच्या प्रकारात सकाळी कागद येतात आणि जहाज बंदर सोडण्यापूर्वी आदेश हवा असतो. नादारीच्या मार्गाबद्दल मात्र एक सावधगिरी: २०२० पासून त्यासाठी किमान थकबाकी १ कोटी रुपये लागते आणि आधीपासून खरा वाद असेल तर तो अर्ज टिकत नाही, म्हणून वसुलीचे साधे हत्यार समजून कोणी तो वापरू नये.

एका बाबतीत चिपळूणच्या वकीलसाहेबांचे म्हणणे मी पूर्ण मान्य करते. येथे ज्युनिअरला उलटतपासाची संधी फार उशिरा मिळते, आणि मूळ शाखेत तर पुरावा पुष्कळदा न्यायाधीशांपुढे नव्हे, तर नेमलेल्या आयुक्तांपुढे नोंदवला जातो. माझा पहिला उलटतपास सहाव्या वर्षी झाला. म्हणून येणार असाल तर शहर दिवाणी न्यायालयातही नियमित काम करणारे कार्यालय शोधा. त्या न्यायालयाची आर्थिक मर्यादा आता १० कोटींपर्यंत वाढली असल्यामुळे तेथे चांगली व्यापारी कामे येतात आणि ज्युनिअरला उभे राहायला मिळते.

पैशांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक काढले. ते शिफारशीच्या स्वरूपाचे आहे आणि सर्वत्र पाळले जात नाही. माझ्या पहिल्या कार्यालयात पहिले चार महिने काहीच मिळाले नाही आणि विचारल्यावर "शिकायला मिळते आहे ना" असे उत्तर मिळाले. मावशीकडे डोंबिवलीत राहण्याची सोय होती म्हणून मी टिकले. माझ्याबरोबर रुजू झालेली लातूरची मुलगी टिकू शकली नाही, आणि ती माझ्यापेक्षा हुशार होती. तेव्हा आकडा आधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि एखाद्या कंपनीने विधी विभागात पूर्णवेळ पगारी नोकरी दिली, तर त्या काळात सनद स्थगित ठेवावी लागते आणि न्यायालयात उभे राहता येत नाही, हेही लक्षात घ्या. तो मार्ग वाईट नाही, पण तो वेगळा आहे.

सॉलिसिटरच्या परीक्षेसाठी बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीकडे नोंदणी करून सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षांची आर्टिकलशिप (उमेदवारी) करावी लागते. परीक्षा कठीण आहे आणि तिचा अभ्यास खरोखर उपयोगी आहे, पण व्यापारी दाव्यांसाठी ती अनिवार्य नाही. इंग्रजीबद्दल एवढेच सांगते की मसुद्याला सोपे आणि अचूक इंग्रजी लागते, आणि ते सरावाने येते. मी दोन वर्षे रोज एका चांगल्या वादपत्राचा एक परिच्छेद हाताने उतरवून काढत असे. उलट मराठी पत्रव्यवहार, दलालाच्या वह्या, ग्रामपंचायतीचे ठराव समोर आले की आमच्या कार्यालयात सर्वजण माझ्याकडे येतात, कारण अनुवादात निसटलेला अर्थ मला दिसतो.

उत्तर – काजूबी (वेंगुर्ले)

मी वकील नाही. आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे आणि वकीलताईंनी विचारलेल्या प्रश्नाकडे मी अशिलाच्या बाजूने पाहतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

पाच वर्षांपूर्वी परजिल्ह्यातील एका घाऊक व्यापाऱ्याकडे आमचे सुमारे साडेनऊ लाख रुपये अडकले. माल चांगल्या प्रतीचा, अख्खा गर, डबे त्याच्या गोदामात उतरल्याच्या पोचपावत्या आमच्याकडे. त्याने दिलेला एक धनादेश परत आला. तेव्हाच्या आमच्या वकिलांनी मुदतीत नोटीस काढून कलम १३८ ची फिर्याद दाखल केली आणि आम्ही निर्धास्त झालो. फौजदारी फिर्याद चालू असली तरी दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत तिच्यासाठी थांबत नाही, हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. धनादेश होता सव्वादोन लाखांचा. उरलेल्या सव्वासात लाखांसाठी वेगळा दावा लावायला हवा होता. अखेर मुदत संपायला एक महिना असताना दुसऱ्या वकिलांनी घाई करून मध्यस्थीचा अर्ज आणि पुढे दावा दाखल केला, तेव्हा समोरून पहिलीच हरकत आली की आमची भागीदारी संस्था नोंदणीकृत नाही. मी आणि धाकटा भाऊ, दोघांत पंचवीस वर्षे कागदाविना विश्वास होता, त्यामुळे निबंधकांकडे नोंदणी करण्याची गरजच कधी वाटली नव्हती. भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे अशा संस्थेला करारावरून तिऱ्हाइताविरुद्ध दावा लावता येत नाही आणि दाव्यानंतर नोंदणी करूनही तो दोष जात नाही, हे मला त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे असताना कळले.

त्यानंतर आणखी एक गोष्ट समजली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे दिले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते, आणि अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. उद्यम नोंदणी आम्ही वेळेवर केली असती, तर हा मार्ग आम्हाला खुला होता.

म्हणून माझे सांगणे असे आहे की आम्हाला मुंबईच्या मोठ्या वकिलाचे शुल्क परवडत नाही आणि त्याच्यापर्यंत आम्ही पोहोचतही नाही. आम्हाला जिल्ह्यातच असा वकील हवा आहे, जो हंगाम सुरू होण्यापूर्वी एक दिवस कारखान्यात येईल, आमच्या खरेदी-विक्रीच्या कागदांवर नजर टाकेल, वर्षाअखेर येणे बाकीच्या पत्रावर खरेदीदाराची सही घ्यायला लावेल, आणि त्या दिवसाचे योग्य शुल्क घेईल. ते शुल्क आम्ही आनंदाने देऊ. कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत माझ्या ओळखीचे बरेच कारखानदार देतील.

सागरतीर (रत्नागिरी)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काजूबी यांचा अनुभव वाचून मी आज सकाळीच आमच्या कार्यालयातील कलम १३८ च्या सर्व फिर्यादी काढल्या आणि कोणत्या अशिलाची दिवाणी मुदत कधी संपते, त्याचा तक्ता केला. दोन प्रकरणांत पाच महिन्यांहून कमी काळ उरला आहे. सरांना तक्ता दाखवला, त्यांनी लगेच दोघांनाही फोन करून बोलावून घेतले.

माझा विचार आता असा होत आहे की बर्फाच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत येथेच राहावे, आणि त्यानंतर शहर दिवाणी न्यायालयात काम करणाऱ्या कार्यालयात दोन-तीन वर्षांसाठी जावे. मात्र परत यायचे हे ठरवूनच जावे. एकच शंका विचारते. कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यामुळे आपल्या जिल्ह्यातील वाणिज्यिक कामावर काय परिणाम होईल? मुंबईऐवजी कोल्हापूरलाच अनुभव घेणे योग्य ठरेल का?

उत्तर – जुने दप्तर (चिपळूण)

तक्ता केलात हे उत्तम. तो दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा पाहत जा. जिथे पाच महिने उरले आहेत, तिथे खरेदीदाराने मुदत चालू असताना लेखी पोच दिली आहे का किंवा काही रक्कम भरली आहे का, ते आधी तपासा, कारण सही केलेली पोच किंवा लेखी नोंद असलेला भरणा असेल तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजता येते. अशी पोच अनेकदा जीएसटीच्या निमित्ताने पाठवलेल्या खातेजुळणीच्या पत्रात दडलेली असते.

फोर्ट ते मालवण यांचे उत्तर वाचून माझ्या सल्ल्यातील एक उणीव माझ्या लक्षात आली. मी फक्त उलटतपासाचा विचार केला होता, कागदांच्या शिस्तीचा तेवढा नाही. माझ्या हातून २०१९ साली जे झाले, तेही अखेर शिस्तीच्याच अभावी झाले. तेव्हा तुमचा आताचा बेत मला पटतो.

कोल्हापूरबद्दल: १८ ऑगस्ट २०२५ पासून तेथे कामकाज सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर यांच्यासह रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे आपले दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत, रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. जिल्हा न्यायाधीश स्तरावरील वाणिज्यिक न्यायालयाच्या निकालावरील अपिले यापुढे मुंबईऐवजी तेथे चालतील. रत्नागिरीहून आंबा घाटाने सकाळी निघून काम आटोपून रात्री परत येता येते, त्यामुळे ज्या अशिलाने मुंबईच्या खर्चाला भिऊन अपील सोडून दिले असते, तो आता अपील करील, आणि ते अपील खालच्या न्यायालयात पुरावा नोंदवणाऱ्या वकिलाच्या हातातच राहू शकेल. तुमच्या पिढीला ही संधी आमच्यापेक्षा मोठी आहे. मात्र कोल्हापूरला मुंबईसारखी मूळ शाखा नाही. तेथे अपिले आणि रिट अर्जांचे काम शिकायला मिळेल. मोठ्या व्यापारी दाव्याची पहिल्या पानापासूनची बांधणी शिकायची असेल, तर त्यासाठी मुंबईच बरी.

जाईपर्यंतच्या काळासाठी एक काम सुचवतो. बर्फाच्या दाव्याची तारखांची यादी नव्याने करा आणि तीत तारीख, कागद आणि निशाणी क्रमांक (न्यायालयाने पुराव्यातील कागदाला दिलेला क्रमांक) यांच्या पुढे आणखी एक रकाना ठेवा: हा कागद कोणाच्या ताब्यातून आला. ती तीन चलने वादीच्या पुस्तकातून आली की तांडेलाकडून, यावर अपिलात बरेच अवलंबून राहील, कारण समोरचे वकील तारीख चुकून पडली असे म्हणणारच. चलन पुस्तकाचे अनुक्रमांक सलग आहेत का, तेही पाहून ठेवा. अनुक्रमांक जूनमध्येच बसत असतील तर चुकीच्या तारखेचा बचाव टिकणार नाही; ते एप्रिल-मेच्या चलनांमध्ये बसत असतील तर मात्र तुमच्या सरांना युक्तिवादापूर्वीच ते सांगा. निकाल लागला की काय झाले ते येथे जरूर लिहा.